लेआउटवाल्याला वावर देण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला लागून एका ताईंच्या बाबांचे आणि काकांचे सामाईक 4 एकर वावर आहे. काळी, खोल जमीन. पऱ्हाटी (कापूस), तूर, सोयाबीन चांगले होते. शेजारचे 7 एकर एका लेआउटवाल्याने आपल्याकडे केले आहेत आणि दोन्ही मिळून 11 एकरांवर त्याला प्लॉट पाडायचे आहेत. प्लॉट विकून येईल त्यातले 40 टक्के तुमचे, 60 टक्के माझे, असा त्याचा प्रस्ताव आहे. इसार आजच द्यायला तयार आहे. कडेचा नाला थोडा सरळ करू आणि मधली पांदण (वावरांकडे जाणारी गाडीवाट) लेआउटच्या रस्त्यात धरू, असेही तो म्हणतो. काका राजी आहेत, बाबा नाहीत. खालच्या बाजूचे कास्तकार बाबांना येऊन सांगून गेले की तुमची सही झाली तर आमची वावरे बुडतील. ताई विचारतात, द्यावे का? आणि द्यायचेच ठरले तर काय बघावे?

ताई, माझी सगळी नोकरी नगररचना विभागात गेली. अमरावती विभागातल्या छोट्या गावांचे लेआउट तपासणे हेच काम होते. वावर विकावे की ठेवावे हे घरातल्या माणसांनी ठरवायचे असते, बाहेरच्याने नाही. पण एक गोष्ट मी खात्रीने सांगतो. सही व्हायच्या आधी तुमच्या बाबांच्या हातात जेवढे बळ आहे तेवढे नंतर कधीच राहणार नाही. नाला कुठून जाईल, पांदण किती रुंद राहील, सांडपाणी कुठे जाईल हे सगळे नकाशावर ठरते, आणि बाबांच्या 4 एकरांशिवाय तो नकाशा पुरा होत नाही. म्हणून भावाची बोलणी मागे ठेवा. आधी नकाशा मागा, कागद मागा.

पहिला कागद झोन दाखल्याचा, म्हणजे वावर निवासी पट्ट्यात आहे की शेतीच्या, ते सांगणाऱ्या कागदाचा. वावर नगरपंचायतीच्या हद्दीत असेल आणि विकास आराखडा मंजूर असेल तर दाखला आणि भाग नकाशा नगरपंचायतीत मिळतो. हद्दीबाहेर असेल तर जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात प्रादेशिक योजनेप्रमाणे मिळतो. झोन निवासी असेल तर वाट सरळ आहे. झोन शेतीचा असेल तर लेआउट मंजूर होण्याआधी तो बदलावा लागतो. नगरपंचायतीच्या हद्दीत हा बदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली होतो. आधी सर्वसाधारण सभेचा ठराव, मग राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहिरात, एका महिन्यात हरकती, त्यावर सुनावणी, आणि त्यानंतर शासनाकडे. एनए म्हणजे जमिनीची अकृषक (बिगरशेती) परवानगी. "एनए होणारच आहे, साहेबांशी बोलणे झाले" असे कोणी म्हणत असेल तर ठरावाचा क्रमांक आणि जाहिरातीचे कात्रण मागा. दोन्ही नसेल तर काहीच झालेले नाही असे समजा.

आणखी एक वाक्य तुमच्या कानावर नक्की येईल: "गावठाणापासून 200 मीटरच्या आत आहे, एनए लागतच नाही." यात अर्धे खरे आहे. जमीन महसूल अधिनियमात कलम 42-ड आल्यापासून गावठाणाजवळच्या अशा जमिनीला निवासी वापरासाठी वेगळी अकृषक परवानगी घ्यावी लागत नाही. ठरलेली रक्कम भरली की वापर बदलल्याचे मानले जाते. पण प्लॉट पाडायला अभिन्यासाची, म्हणजे लेआउटच्या नकाशाची, मंजुरी लागतेच, मोजणी लागतेच, महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागतेच. अकृषक परवानगीची अट गेल्या काही वर्षांत सतत सैल होत गेली आहे. त्यामुळे अभिन्यासाचा मंजूर नकाशा हाच आता माणसाच्या हातातला खरा कागद उरला आहे.

त्या नकाशालाही दोन पायऱ्या असतात. आधी तात्पुरती मंजुरी. त्यानंतर जागेवर आखणी, भूमी अभिलेखची मोजणी, रस्ते, नाल्या, विजेचे खांब, पाणी. ही कामे झाल्यावर अंतिम मंजुरी. आपल्याकडे बहुतेक घोटाळे या दोन पायऱ्यांच्या मधल्या काळात होतात. तात्पुरत्या मंजुरीच्या झेरॉक्सवर प्लॉट विकले जातात, पैसा पुढच्या लेआउटमध्ये जातो आणि इथला रस्ता मुरुमावरच थांबतो. नागपूरच्या 572 आणि 1900 अनधिकृत लेआउटची कथा विदर्भात सगळ्यांना माहीत आहे. मंजुरी नसलेले प्लॉट घेतलेल्या लोकांनी रस्ता, गटार आणि आरएल लेटरसाठी (प्लॉट नियमित केल्याच्या पत्रासाठी) किती वर्षे चपला झिजवल्या ते एखाद्या नागपूरकराला विचारा. अशा वस्त्या नियमित करायला 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला, आणि 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्यात घ्यावी लागली. कायदा झाला म्हणून रस्ता रुंद होत नाही आणि बुजलेला नाला परत येत नाही.

आता नाल्याबद्दल. यावर जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वात गंभीर वाटलेली गोष्ट हीच आहे आणि लेआउटवाला तिच्यावरून एका वाक्यात पुढे गेला.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढा. त्यावर नाला दाखवला असेल तर तो तुमचाही नाही आणि लेआउटवाल्याचाही नाही. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 20 प्रमाणे सार्वजनिक रस्ते, वाटा, नद्या, नाले ही शासनाची मालमत्ता आहे. तो सरळ करायचा की वळवायचा हे जेसीबी लावून ठरत नसते. राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, जी डिसेंबर 2020 पासून लागू आहे, नाल्यासारख्या छोट्या प्रवाहाच्या काठापासून 9 मीटर आणि नदीच्या काठापासून 15 मीटर जागा बांधकामापासून मोकळी ठेवायची आहे. लेआउटवाल्याच्या नकाशात तो 9 मीटरचा पट्टा आहे का, आणि तोच पट्टा त्याने मोकळ्या जागेच्या हिशेबात धरला आहे का, हे बघा. नाल्याच्या कडेची अरुंद, वाकडी पट्टी "बगीचा" म्हणून दाखवायची आणि चांगली चौकोनी जागा प्लॉटांत घालायची, असे नकाशे माझ्या टेबलावर सतत यायचे.

खालच्या कास्तकारांची भीती खोटी नाही. हिशेब करून बघा. 11 एकर म्हणजे साधारण 4.45 हेक्टर. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये असा दिवस येतोच, तर एवढ्या जागेवर 44 लाख लिटरच्या वर पाणी पडते. मृगाच्या सुमारास काळ्या जमिनीला भेगा असतात तेव्हा पहिले पाऊस ती पोटात घेते. जमीन भरली की तिच्यावरूनही पाणी वाहते, हे खरे. पण ते धुऱ्याला (बांधाला) अडते, पिकात थांबते, हळूहळू नाल्याला लागते. तिथे घरे, फरशा, सिमेंटचे रस्ते आले की तेच पाणी थोड्या वेळात एकदम नाल्यावर येते. त्यात नाला अरुंद करून पाइप टाकला असेल तर वरच्या बाजूला तुंबते आणि खालच्या बाजूला जोराने सुटते. खालच्या वावरात पाणी दोन-तीन दिवस साचले की तूर उबळते, पऱ्हाटीला आकस्मिक मर लागते. हे नुकसान दरवर्षीचे असते, आणि त्याची भरपाई कोणत्याही करारनाम्यात लिहिलेली नसते.

पाऊस वर्षातले चार महिने. सांडपाणी बारा महिने. 11 एकरांतून रस्ते आणि मोकळी जागा गेल्यावर सुमारे 55 टक्के क्षेत्र प्लॉटांना उरते असे धरा. दीड हजार चौरस फुटांचे 175 च्या आसपास प्लॉट पडतील. घरी पाच माणसे आणि माणशी रोज 100 लिटर पाणी धरले तर वस्ती भरल्यावर रोज 87 हजार लिटरच्या वर पाणी लागेल, आणि त्यातले 80 टक्के धरले तर रोज 70 हजार लिटर सांडपाणी निघेल. तालुक्याच्या गावात भुयारी गटार सहसा नसते, म्हणून प्रत्येक घराला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा दाखवतात. मुरमाड जमिनीत शोषखड्डा चालतो. काळ्या चिकण जमिनीत तो पहिल्याच पावसाळ्यात भरतो आणि पुढे पाणी घेतच नाही. मग प्रत्येक घरमालक मागच्या बाजूने पाइप काढून नाल्यात सोडतो. त्याच नाल्याच्या कडेला तुमच्या खालच्या शेतकऱ्यांच्या विहिरी असणार. म्हणून नकाशासोबत सांडपाण्याची वेगळी आखणी मागा: नाल्या कोणत्या उताराने जातील, शेवटी कुठे मिळतील, सामाईक शुद्धीकरणाची टाकी कुठे बसेल आणि ती चालवण्याचा खर्च कोण करेल. लेआउटवाला म्हणेल, ते नगरपंचायत बघेल. तर नगरपंचायतीचे तसे लेखी पत्र आणायला सांगा.

याच काळ्या जमिनीमुळे घर बांधणाऱ्यालाही त्रास आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि साध्या पायावरच्या भिंतींना दोन-तीन वर्षांत तिरप्या भेगा पडतात. खाली मुरूम लागेपर्यंत खोदा, नाहीतर खास पाया घ्या. दोन्हीला खर्च येतो. गावाला घरे लागतात हे मला मान्य आहे. शिक्षक, बँकेतले लोक, एसटीचे चालक, मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून येऊन राहणारी कुटुंबे, या सगळ्यांनी राहायचे कुठे? समृद्धी महामार्ग झाला, वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर 2024 मध्ये रेल्वे कळंबपर्यंत आली, या भागात मागणी वाढणारच. पण बहुतेक गावांना एका अंगाला बरड असते, हलकी, मुरमाड, उंच जमीन, जिथे क्विंटलभर सोयाबीनही धड होत नाही. घर तिथे स्वस्तात उभे राहते, पाणी निचरून जाते. वस्ती त्या अंगाला वाढावी आणि खोल काळी जमीन पिकाखाली राहावी, असे मला नोकरीत असतानाही वाटे आणि आजही वाटते. विकास आराखड्याची हरकत देताना हा मुद्दा जरूर लिहा. वैयक्तिक तक्रारीपेक्षा सुनावणीत अशा मुद्द्याला जास्त वजन असते.

पांदणीचेही तेच. गाव नकाशावर दुहेरी रेषेने दाखवलेली पांदण सार्वजनिक आहे. लेआउटच्या रस्त्यात ती धरली तर कागदावर रस्ता राहतो, पण उद्या तिथे गेट बसते, रहिवासी म्हणतात बैलगाडी आणि ट्रॅक्टर इथून नको, आणि मागच्या कास्तकाराचा माल अडतो. पांदण वेगळी दाखवा, तिची रुंदी मीटरमध्ये लिहा, आणि अंतिम मंजुरीच्या नकाशावर "सार्वजनिक पांदण रस्ता" अशी नोंद घ्यायला लावा. आपल्या विदर्भात वाजिब-उल-अर्ज हा जुना दस्तऐवज आहे. वहिवाटीचे रस्ते, पाणी नेण्याचे हक्क, गावाच्या रूढी त्यात लिहिलेल्या असतात, आणि महसूल अधिनियमाच्या कलम 165 ने तो आजही जिवंत ठेवला आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्याची आणि निस्तार पत्रकाची (गावाच्या सामाईक जमिनीच्या वापराच्या नोंदीची) नक्कल काढा. मी तपासलेल्या कितीतरी प्रकरणांत रस्त्याचा वाद याच जुन्या कागदाने मिटला. आणि कोणी पांदण अडवली किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बुजवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जाता येते. त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. खालच्या कास्तकारांना हे आत्ताच सांगून ठेवा. अडथळा दिसला त्या दिवसाची तारीख आणि फोटो लागतात.

आता तुमच्या घरातले कागद. सातबारा काढून भोगवटदार वर्ग बघा. वर्ग 1 असेल तर ठीक. वर्ग 2 असेल, जुनी भूमिधारी असेल किंवा भूदानात मिळालेली जमीन असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. यवतमाळ-वर्ध्याकडे भूदानाच्या जमिनी पुष्कळ आहेत आणि नोंदी नीट नाहीत. शेजारच्या 7 एकरांचाही सातबारा आणि मागचे फेरफार काढा. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल अधिनियमाचे कलम 36-अ आड येते, आणि तसा व्यवहार पुढे रद्द झाला तर तुमचा लेआउटही अडकतो. आणखी एक: विदर्भ प्रदेशाचा 1958 चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आपल्याला लागू आहे. त्याच्या कलम 89 प्रमाणे शेती झोनमधली जमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही. लेआउटवाला खरेदीखत न करता करारनामा आणि मुखत्यारपत्र का मागतो, याचे उत्तर कधी कधी इथे असते. त्याचा शेतकरी असल्याचा दाखला बघायला मागा.

वावर आजोबांचे असेल तर तुमच्या आत्या विसरू नका. सातबारावर नाव नाही म्हणून हक्क नाही असे होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला, आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे ताई, या जमिनीत तुमचाही शब्द आहे. लेआउटवाले आत्यांकडे स्वतः जाऊन थोडे पैसे देऊन हक्कसोड करून घेतात आणि घरात कायमचे वितुष्ट येते. त्याने जायच्या आधी बाबांनी आणि काकांनी बहिणींना घरी बोलवावे, सगळा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवावा.

काका राजी आणि बाबा नाराज, यावर माझ्या मते उत्तम वाट म्हणजे आधी वाटप. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप आणि मोजणी करून घ्या. सामाईक असताना काका आपला अविभक्त हिस्सा विकू शकतात, पण "रस्त्याकडचे दोन एकर माझे" असे दाखवून विकू शकत नाहीत. वाटपात रस्त्याची बाजू काकांना आणि नाल्याची बाजू बाबांना आली तर दोघांचेही साधेल: काकांना भाव मिळेल, आणि नाला-पांदण ज्याला सांभाळायची आहे त्याच्याच ताब्यात राहील. शिवाय बाबांकडे शेतजमीन उरल्यामुळे ते शेतकरी राहतील. सगळेच विकले आणि उद्या दुसरीकडे वावर घ्यायचे झाले तर हाच दाखला अडतो.

आता 60-40 चा हिशेब, कारण काकांचे मन तिथे आहे. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. 55 टक्के प्लॉट निघाले तर एकरी सुमारे 24,000 चौरस फूट. त्याचे 40 टक्के, म्हणजे एकरी 9,600. तुमच्या 4 एकरांचे 38,400 चौरस फूट. समजा प्लॉट 600 रुपये फुटाने गेले तर 2 कोटी 30 लाख होतात. तेच वावर आज 40 लाख रुपये एकराने विकले तर 1 कोटी 60 लाख. आकडे मी उदाहरणाला घेतले आहेत, तुमच्या गावचे भाव घालून बघा. फरक मोठा दिसतो, पण पहिली रक्कम चार-पाच वर्षांत तुकड्या-तुकड्याने येणार, तेवढ्या काळातले पीक जाणार, आणि लेआउट अडकला तर काहीच येणार नाही. शिवाय 40 टक्के कशाचे, हे करारात स्पष्ट हवे. दस्तात दाखवलेल्या रकमेचे की खरोखर आलेल्या रकमेचे? विकास खर्च आधी वजा होणार की नाही? पैशाऐवजी प्लॉट घ्यायचे ठरले तर मंजूर नकाशावरचे प्लॉट क्रमांक लिहून घ्या, नाहीतर नाल्याकडचे आणि कोपऱ्यातले उरलेसुरले तुमच्या वाट्याला येतील.

वाट्यात जाण्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेरात नोंदणी लागते, आणि विक्रीच्या रकमेत किंवा क्षेत्रात ज्याचा वाटा आहे तो जमीनमालक महारेराच्या दृष्टीने सहप्रवर्तक ठरतो. प्लॉट घेणाऱ्याने रस्ता झाला नाही, वीज आली नाही म्हणून तक्रार केली तर नोटीस लेआउटवाल्याबरोबर तुमच्या बाबांच्या नावानेही येऊ शकते. वावर सरळ विकले तर ही जबाबदारी येत नाही. वाट्यातच जायचे असेल तर ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के कायद्याप्रमाणे वेगळ्या खात्यात राहतील, आणि तो खात्याचा उतारा दर तिमाहीला तुम्हाला मिळेल, असे करारात घाला.

मुखत्यारपत्राबद्दल मी फार कडक आहे. "अपरिवर्तनीय" हा शब्द दिसला की थांबा. समोरच्याचा त्या मालमत्तेत हितसंबंध निर्माण झाला की तसे मुखत्यारपत्र तुम्हाला मनाला येईल तेव्हा रद्द करता येत नाही, हे करार कायद्याच्या कलम 202 मध्येच आहे. फक्त मंजुरीची कामे करण्यापुरते, मुदत घालून, नोंदणी केलेले मुखत्यारपत्र द्या. विक्रीचा अधिकार अंतिम मंजुरीनंतर, आणि तोही त्याच्या वाट्याच्या प्लॉटांपुरता. जमीन गहाण ठेवण्याचा अधिकार कधीच देऊ नका. ताबा देऊ नका, आखणी आणि मोजणीसाठी येण्याची परवानगी द्या. आणि एक ओळ आवर्जून घाला: अंतिम मंजुरी येईपर्यंत पेरणी जमीनमालकाची. झोन बदलला नाही किंवा 18 महिन्यांत मंजुरी आली नाही तर करार आपोआप संपेल, हेही त्यातच लिहा.

इसार मात्र आत्ता घेऊ नका. लोकांचा समज आहे की पटले नाही तर इसार परत करू, काय बिघडते. 2018 नंतर विशिष्ट पूर्ततेचा कायदा बदलला आहे आणि इसारपत्राच्या आधारावर न्यायालय तुम्हाला खरेदीखत करून द्यायला लावू शकते. तीन वर्षांपर्यंत तो दावा टांगता राहतो, आणि तेवढ्या काळात दुसरा कोणी तुमच्या वावराकडे फिरकत नाही. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार रुपये किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेतले तर आयकर कायद्याने तेवढाच दंड आहे. कराचेही आधीच विचारून घ्या. वावर 10 हजारांच्या वर लोकसंख्येच्या नगरपंचायतीच्या हद्दीत असेल, किंवा लोकसंख्या 1 लाखाच्या आत असताना त्या हद्दीपासून हवाई अंतराने 2 किलोमीटरच्या आत असेल, तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागतो. बाहेर असेल तर लागत नाही. लागत असला तरी दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर तेवढ्या रकमेवर सूट मिळते. यवतमाळला एखाद्या चांगल्या सीएकडे करारनाम्याचा मसुदा सहीच्या आधी घेऊन जा.

नाला, पांदण आणि सांडपाणी यांबद्दल बाबांनी लेआउटवाल्याला एकच पानाचे पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. गाव नकाशाप्रमाणे नाल्याची रेषा, काठापासून 9 मीटरचा पट्टा, वेगळी पांदण, पाण्याच्या निचऱ्याची आखणी, हे नकाशावर आल्याशिवाय बोलणी नाहीत. त्याच पत्राची प्रत नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना आणि नगररचना कार्यालयाला द्या, म्हणजे उद्या फाइल गेली तरी तुमचे म्हणणे आधीच त्यात लागलेले असेल. 17 नगरसेवकांच्या सभेपुढे झोन बदलाचा विषय येतो का, यावर लक्ष ठेवा. विषयपत्रिका आधी निघते. फाइल दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात नकाशा आणि टिपणी मागा. खालच्या कास्तकारांनी वेगवेगळ्या हरकती द्याव्यात, सर्वांनी सह्या केलेला एक अर्ज नको. प्रत्येकाने आपला गट क्रमांक, विहिरीची जागा आणि मागच्या अतिवृष्टीत किती आर वावर पाण्याखाली होते ते लिहावे, पंचनाम्याची प्रत असेल तर जोडावी. सुनावणी घेणाऱ्याला अशा दहा हरकती बाजूला सारता येत नाहीत.

मोजणीचा अर्ज मात्र या आठवड्यातच टाका, बाबा आणि काका दोघांच्या सहीने. कापूस निघाल्यावर वावर रिकामे असते आणि हद्द नीट दिसते, पण अर्जांची रांग लांब असते. मोजणीच्या दिवशी शेजारच्या 7 एकरांचा मालक आणि खालचे धुरेकरी यांना नोटीस जाईल असे बघा, सगळे हजर राहू द्या, आणि नाल्याच्या दोन्ही काठांची मापे मोजणीच्या नकाशावर घ्यायला भूकरमापकाला तिथेच सांगा.